दाजी, जरा हळू

खाणीची कडा कोसळली तेव्हा त्याचा मेहुणा नेमका खाली उभा होता. काही दिवसांनी मालकांनी शोध थांबवला आणि तिथलं खोदकाम पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्या अजस्र एक्स्कॅव्हेटरवर बसायची पाळी त्याच्यावरच आली. निघताना बायको एवढंच म्हणाली, "माझा भाऊ आहे तिथं. बघून खोदा."

भर दुपारी बकेट ढिगाऱ्यात रुतली आणि केबिनमधला वायरलेस खरखरला.

"दाजी, जरा हळू. खांद्याला लागतंय."

त्याने लिव्हर सोडून वायरलेस उचलला. "कुठे आहेस रे?"

"कुणाशी बोलतोयस?" खालून मुकादम ओरडला. "डंपर खोळंबलाय!"

त्याने मुकादमाला वर बोलावून वायरलेस त्याच्या कानाला लावला. नुसती खरखर. "डोकं ठिकाणावर ठेव," असं म्हणून मुकादम उतरून गेला.

त्याने ती खोलीएवढी बकेट तान्हं मूल उचलावं तशी अलगद वर घेतली आणि काचेतून डोळे फाडून पाहिलं. दगड आणि माती, दुसरं काही नव्हतं. मनाचे खेळ, असं स्वतःला बजावत त्याने ती डंपरमध्ये रिकामी केली. डंपर दगडांचा चुरा करणाऱ्या क्रशरकडे निघून गेला.

थोड्या वेळाने वायरलेसवर पुन्हा तोच आवाज आला, आता अगदी स्वच्छ.

"सुटलो एकदाचा! दाजी, तुमचे उपकार कसे फेडू? उजेड दिसतोय मला."

"डंपर थांबवा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. दूरवर क्रशरच्या तोंडाशी डंपरचा हौदा वर उचलला जात होता.

"दाजी, हे खाली काय फिरतंय?"