तीनशे बारा पावत्या

सरोजताईंनी रबर लावलेला तक्रारींच्या पावत्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. भोई आळीतल्या तीनशे बारा घरांनी नगरपालिकेकडे एकच तक्रार केली होती: नळाला गढूळ पाणी येतंय. त्याच पाण्याने कावीळ होऊन आळीतली चार माणसं गेली. त्यांत ताईंची सूनही होती.

"साहेब, एवढ्या तक्रारी तुमच्या कॉम्प्युटरला दिसल्याच नाहीत?"

नगरपालिकेचं तक्रारी शोधायचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय. अधिकारी रोज सकाळी त्यात 'गढूळ पाणी, साप, उघडी तार' असे धोक्याचे सगळे शब्द एकदम टाकायचे आणि वरच्या वीसच तक्रारी वाचायचे. यादी लावताना सॉफ्टवेअर शब्दांना वजन देतं. क्वचित येणारा शब्द जड, म्हणून त्याची तक्रार यादीत वर; सगळीकडे सापडणारा हलका, म्हणून खाली. सगळेच असं करतात, म्हणून मीही डोळे झाकून तेच केलं. साप वर राहिला. गढूळ पाणी जितक्या घरांनी लिहिलं, तितकं ते खाली गेलं.

हे मी त्यांना जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी रबर काढून गठ्ठ्यातली सगळ्यात खालची पावती वर ठेवली.

"पहिली तक्रार माझ्या सुनेची होती. एक पुरे, म्हणत होती ती. मीच दारोदार फिरून बाकीच्यांना लिहायला लावलं." मग त्यांनी विचारलं, "तिची एकटीचीच असती, तर वर आली असती?"

मी हो म्हणालो. तेव्हा तरी खोटं बोलायला हवं होतं.