नदीतले गोटे

नव्या घराला अजून दारं बसायची होती, पण लेकीच्या, चार्वीच्या वाढदिवसाला अंगणातली पिझ्झाची भट्टी पेटलीच. तिनेच नदीतून वेचून आणलेले गोटे मी काल हौसेने भट्टीच्या आतल्या भिंतीत बसवले होते.

भट्टीशी वाकलेल्या चार्वीचा फोटो मी गावी गेलेल्या गवंड्याला पाठवला. लगेच त्याचा फोन आला. रेंजसाठी मी फाटकापाशी गेलो.

"साहेब, आत नदीतले गोटे लावलेत?"

"हो. छान दिसतात ना?"

"आधी पोरीला लांब घ्या! त्यांच्या पोटात पाणी असतं. तापले की सुतळी बॉम्बसारखे फुटतात."

मी वळलो. भट्टीत काहीतरी टक्‌कन वाजलं.

"बाबा," चार्वी आणखी आत डोकावली, "पिझ्झा बोलतोय!"