न उघडलेली मापं

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मापं न बघता मी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट शिवलाय! मापं त्यानं ईमेलनं पाठवली. पहिल्या मेलला फाइलच जोडलेली नव्हती, दुसरी उघडली तर नुसते चौकोन अन् प्रश्नचिन्हं, तिसरी काही केल्या उघडेचना. लग्न आठवड्यावर, माझं डोकं चक्रावलेलं. शेवटी डोळे मिटून कात्री चालवली. असा बसला कोट, बोटभर फरक नाही!

“फोन करून विचारायचं की, मास्तर!” शेजारचा घड्याळजी म्हणाला.

“गिऱ्हाइकांना मी फोन करत नाही.”

“गिऱ्हाईक कसलं डोंबलाचं!” दुसऱ्या एका सदऱ्याला बटणं लावता लावता बायको म्हणाली. “आमचा धाकटा तो. तीन वर्षं अबोला आहे बापलेकांचा. ह्यांनी स्वतःच्याच मापानं बेतला कोट.”