विहीरपूजन

खाणीभोवतालच्या विहिरींची पातळी दरमहा मोजणारे पुनाजी आज स्वतःच्याच विहिरीवर वाकले होते. शेजारी बाळंतीण लेक जलदेवतेच्या पूजेसाठी हळदकुंकू आणि पाण्यात सोडायची सुपारी घेऊन उभी होती. मोजायची फीत तळाला टेकून कोरडीच वर आली. कोळशाच्या खाणीतल्या पंपांनी अखेर हेही पाणी ओढून नेले होते.

“अवो, पाणी हाय ना? कोरडी विहीर पुजत नाहीत,” पत्नीने अंगणातून विचारले. लेकीच्या जन्मानंतर तिने याच पाण्याची ओटी भरली होती.

“हाय. जरा खोल गेलं,” असे म्हणत पुनाजींनी नोंदवहीत ‘कोरडी’ असे लिहिले.

लेकीने सुपारी सोडली. ती दगडावर आपटल्याचा आवाज काठावरच्या दोघांनीच ऐकला. लेकीने वडिलांकडे एकवार पाहिले, पदर सावरला आणि अंगणाकडे वळून म्हणाली, “पडली वं माय, पाण्यातच पडली.”