रविवारी आलेली अमावस्या

मुक्ताईनं हौश्याची जुनी वेसण विळ्यानं कापली आणि नवी ओवली. हौश्यानं फुर्रकन श्वास सोडला, पण मान हलवली नाही. शेजारी पाखऱ्या आपली पाळी असल्यासारखा आधीच तोंड पुढे करून उभा होता.

पाऊस पहाटेपासून येत होता, जात होता. भाद्रपद सरत आला तरी त्याचा पाय निघत नव्हता. बांधापलीकडची बाजरी कणसातच काळी पडली होती, आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींवर मात्र लख्ख ऊन पडलं होतं. आज काय धरावं, पाऊस की उघडीप, हे मुक्ताईला सकाळपासून कळत नव्हतं.

योगेश पडवीतून बाहेर आला. "आई, आवर ना. पाहुण्यांचा नाश्ता झालाय. पोळा सुरू करायचाय."

"पोळा सकाळधरनंच चालू हाय."

"तो नाही गं. त्यांच्यासमोरचा."

मुक्ताई पाखऱ्याच्या वेसणीकडे वळली. मायलेकांच्या शेतावर शहरातले पाहुणे येऊ लागल्यापासून अंगणात दर रविवारी पोळा व्हायचा. बैलांवर झुली चढायच्या, शिंगं रंगायची, मुक्ताई ओवाळायची, पुरणपोळीचा घास द्यायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि छकड्यात बसून ओढ्यापर्यंत चक्कर मारून यायचे. पण भादव्याची अमावस्या, म्हणजे गावाचा खरा पोळा, यंदा नेमकी रविवारीच आली होती.

"आज त्यांच्या मानेवर जू ठेवायचं न्हाई," ती म्हणाली. "शबूद दिलाईस तू."

"दिलाय गं बाई. सगळ्यांना सांगितलंय, आज राइड नाही. बैलांना सुट्टी."

तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. आज वेगळं काय करायचं, हेच तिला सुचत नव्हतं. झूल तीच, गोंडे तेच, पुरणही तेच. सगळं रविवारी रविवारी वापरून झालेलं. म्हणून काल संध्याकाळी तिनं दोघांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं, कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. सकाळी नळीनं न धुता ओढ्यावर नेलं. वेसणी नव्या घातल्या. एवढं केल्यावर बैलांना उमजेल, असं तिला घटकाभर वाटे. घटकाभरानं वाटे, कसं उमजणार?

पाहुणे अंगणात जमले. पुढच्या खुर्चीवर कसबा पेठेतले श्रीनिवासराव बसले होते, मांडीवर घडी न मोडलेली छत्री. खराडीच्या एका कंपनीतली अपेक्षा मोबाइल वर धरून उभी होती.

"आजी, पोळा तर होऊन गेला ना?" तिनं विचारलं. "आमच्या वर्ध्याला तं श्रावणातच असते."

"तुमचा झाला, बाई. आमचा आज."

"दिनदर्शिकेत आज सर्वपित्री आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "पितर आणि बैल एकाच पंगतीला बसवता काय आपण?"

"बसत्यात की. दोघंबी बोलत न्हाईत, वाढाल ते खात्यात."

सगळे हसले. श्रीनिवासरावांनी मान डोलावली आणि छत्री खाली ठेवली.

मुक्ताईनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. आज ती सावकाश ओवाळत होती. एरवी योगेश मागून घाई करायचा; आज तोही थांबला. हौश्याच्या तोंडात तिनं अख्खी पुरणपोळी दिली आणि त्याच्या गळ्याखाली हात फिरवला. पाखऱ्यालाही भरवलं. तिचे डोळे भरून आले.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

हौश्यानं घास गिळला, वळला आणि चालू लागला. कासरा कुणाच्याच हातात नव्हता. लिंबाखाली छकडा उभा होता, जू जमिनीला टेकलेलं. हौश्या त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि त्यानं मान वाकवली. मागोमाग पाखऱ्या गेला, उजव्या अंगाला. झुलीचे आरसे चमकत होते.

"अरे वा!" श्रीनिवासराव म्हणाले. "सुट्टी नको म्हणतोय. आमच्या कचेरीत असा एकही नव्हता."

"आजी, तो स्वतःच गेला ना!" अपेक्षा म्हणाली. "आता तरी बसू द्या नं थोडा वेळ."

योगेश मुक्ताईजवळ आला. त्याचा आवाज खाली गेला होता. "आई, मी काहीच बोललो नाही त्याला. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग? जुपू का?"

मुक्ताई ताट घेऊन लिंबाखाली गेली. पानावरचा एक थेंब निरांजनात पडला आणि ज्योत विझली. जू उचलावं, तर आजच्या दिवशी मानेवर ओझं. मागं ओढावं, तर नवी वेसण आजच्या दिवशीच नाकाला काचणार. हौश्याच्या खांद्यावर कालची हळद अजून पिवळीजर्द होती. मागे पाहुणे कुजबुजत होते, मोबाइल तिच्याकडे वळले होते.

तिनं ताट खाली ठेवलं. काल आवतण दिलं होतं त्याच कानाशी ती वाकली.

"हौश्या, आज खरा हाय रं, लेकरा," ती म्हणाली. "आजचा खरा हाय."

हौश्यानं कान हलवला. तिचा आवाज ओळखून त्यानं मान आणखी खाली घातली.