खालचा आवाज

"याला आज वर चढवू नका," रंगारी म्हणाला. "झोपेचं पार खोबरं झालंय याच्या."

क्रेनवाला हातमोजे चढवत राहिला. बायको मुलीला घेऊन माहेरी गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण आज क्रेनवर चढलं नाही तर दिवसभर रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसायचं, याचीच त्याला जास्त धास्ती होती.

मुकादमाने दादांकडे पाहिलं. दादा क्रेनखाली उभे राहून वरच्याला वॉकीटॉकीवर वाट दाखवायचे. कारखान्यात कुणाचंही घरी बिनसलं, की तो दादांपाशी येऊन मन मोकळं करायचा.

"चढू द्या," दादा म्हणाले. "खाली मी आहे ना."

केबिनमधून भिंतीपलीकडचं काही दिसत नसे. तिथे दादांचा आवाज हेच डोळे. आवाज थांबला की क्रेन थांबवायची, असा नियमच होता.

भिंतीपलीकडे ठेवायचा अवजड लोखंडी साचा उचलला गेला.

"दादा, हात कापतोय माझा."

"कापू दे. थंडीत सगळेच कापतात, म्हणून कुणी घरी बसवतं का? आणि ऐक, संध्याकाळी तिच्याकडे जा. चूक तिची असली तरी माफी तूच माग."

"आणि भांडली तर?"

"नशीब समज. भांडायलासुद्धा घरात माणूस लागतं."

कितीतरी दिवसांनी क्रेनवाला हसला. मग त्याच्या मनात आलं, यांना आपण कधी काही विचारलंच नाही.

"तुमच्या घरी कसं काय, दादा?"

"आमच्याकडे? सगळं शांत. आता लक्ष दे. ये. सावकाश ये. सरळ खाली."

साचा भिंतीआड गेला.

"ये. अजून. अजून थोडं."

पुढे आवाज आला नाही. क्रेनवाल्याने नियमाप्रमाणे क्रेन थांबवली. तेवढ्यात खाली आरडाओरडा सुरू झाला.

तो कसाबसा शिडी उतरला. मुकादमाने त्याला भिंतीपलीकडे जाऊ दिलं नाही, दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"माझा हात चुकला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मला चढवायलाच नको होतं."

पलीकडची भिंत रंगवणारा रंगारी समोर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुझा हात नाही चुकला," तो म्हणाला. "मी शिडीवरून ओरडत होतो, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. साचा ठेवायच्या जागेवर मांडी घालून बसले होते, आणि वर बघत तुला ये, ये म्हणत होते."