बुधवारचे सभागृह

सतरा नोव्हेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे, तबकड्या चार. चारही तबकड्यांवर संगीत एकच होते : एकोणिसाव्या शतकातील एका रशियन संगीतकाराच्या सिंफनीचा संथ भाग. वेष्टनांवरची वाद्यवृंदांची नावे मात्र निरनिराळी होती.

"बासष्ट," काटेमास्तरांनी पहिलीचा निकाल लावला. "वादक बरे आहेत. आपण कुठे निघालोय याचा संचालकाला पत्ता नाही, एवढंच."

त्यांनी तीस वर्षे तंत्रनिकेतनात मोजमापाची उपकरणे शिकवली होती, म्हणून हे टोपणनाव. या एकाच सिंफनीच्या एकेचाळीस ध्वनिमुद्रिका त्यांच्या घरी होत्या आणि त्यांपैकी चाळीस त्यांच्या मते फेकून देण्याच्या लायकीच्या होत्या. शहराच्या वाद्यवृंदाला दर बुधवारी सरावासाठी सभागृह द्यायचे की ते टेबल टेनिसवाल्यांना द्यायचे, हे ठरवण्यासाठी सभागृहाच्या विश्वस्तांनी, स्वतः विश्वस्त असलेल्या त्यांनाच, परीक्षक नेमले होते. बाकीच्या तबकड्या तुलनेसाठी होत्या. शहराच्या वाद्यवृंदाला पन्नास गुण मिळाले तर सभागृह. एकोणपन्नास मिळाले तर अडतीस वादकांनी आपली वाद्ये पलंगाखाली सरकवायची.

शहराच्या वाद्यवृंदाची संचालिका समोरच बसली होती. दिवसा ती शाळेत गणित शिकवीत असे. तबकड्या लावण्याचे काम मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे होते. ताई विश्वस्त मंडळाच्या चिटणीस होत्या. वेष्टन मास्तरांना दाखवायचे, मगच तबकडी यंत्रात घालायची, असा मास्तरांचा दंडक होता. कोण वाजवतो आहे हे ठाऊक नसताना ऐकणे म्हणजे अंधारात कापड निवडणे, असे ते म्हणत.

ताईंनी दुसरे वेष्टन उचलून दाखवले. शहराचा वाद्यवृंद.

मास्तरांनी ताबडतोब थांबघड्याळ सुरू केले. मंद्र तंतुवाद्यांचे गंभीर स्वर उमटले. त्यांच्यावर हॉर्न या पितळी वाद्याची एकाकी धून आली, किंचित थांबून.

"हा हॉर्नवाला झोपेतून उठून आला काय?"

"टपालखात्यात आहे तो," संचालिका म्हणाली. "पहाटे पाचला उठतो."

"मग टपालच वाटू द्या की त्याला! निदान पत्रं तरी वेळेवर पोचतील." मास्तर स्वतःच्या विनोदावर हसले. "आणि ही लय! गोगलगाय परवडली. इथं शांतता आहे म्हणता? शांतता नाही ही बाई, वादक पान हरवून बसलेत." शेवटचा स्वर विरताच त्यांनी घड्याळ थांबवले. "बारा मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. चौतीस गुण. टेबल टेनिसवाल्यांना पेढे वाटायला सांगा."

संचालिकेने मान खाली घातली. तिच्या हातातला रुमाल पिळून निघाला होता.

"अरे, जीभ आहे का कानस?" ताई म्हणाल्या.

"ताई, तू तबकडी लाव."

तिसरीला एक्काहत्तर मिळाले. मग ताईंनी चौथे वेष्टन दाखवले. त्यावर पांढऱ्या केसांच्या जगविख्यात परदेशी संचालकाचे छायाचित्र होते. मास्तर खुर्चीत सावरून बसले. थांबघड्याळ त्यांनी खिशात ठेवले.

"का रे, याची वेळ नाही घेत?"

"थोरांना घड्याळ लावायचं नसतं, ताई."

संगीत सुरू झाले. तिसऱ्याच क्षणी संचालिकेने दचकून मान वर केली. ती काही बोलणार तोच ताईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि तो तिच्या हाती येईपर्यंत सोडला नाही.

हॉर्न आला, किंचित थांबून.

"बघा!" मास्तरांचे डोळे मिटले होते. "आधी थांबला. अधीरपणा कसा तो नाही. याला म्हणतात परिपक्वता. तुमच्या टपालवाल्याला ऐकवा हे." पुढे ते लयीच्या गजगतीबद्दल बोलले आणि वाद्ये गप्प झाली तेव्हा बोट उंचावून कुजबुजले, "ही शांतता! ही शिकवून येत नाही." अखेरीस त्यांनी चष्मा काढून पुसला. "शहाऐंशी."

"आता घड्याळ लाव," ताई म्हणाल्या.

"कशाला?"

"मी थोरली बहीण सांगते म्हणून."

चौथी तबकडी पुन्हा वाजली. मास्तरांनी काटा थांबवला, पाहिला, खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. बारा मिनिटे सत्तेचाळीस सेकंद.

"वेष्टन त्या थोरांचं," ताई म्हणाल्या. "आत हिचीच तबकडी. दुसरी होती तीच."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. पण गडी मुरलेला होता. "मग सरासरी काढू. चौतीस आणि शहाऐंशी. साठ होतात. पास! मिळालं ना तुम्हाला सभागृह? मिटला प्रश्न."

"तापमापकानं एकाच माणसाचा ताप एकदा शहाण्णव दाखवला आणि लगेच एकशे चार," ताई शांतपणे म्हणाल्या, "तर तू ताप शंभर आहे असं लिहितोस का रे?"

मास्तरांनी घड्याळ टेबलावर ठेवले आणि संचालिकेकडे न पाहता विचारले, "तो टपालवाला... मुद्दाम थांबतो का तिथं?"

"हो," ती म्हणाली. "सहा महिने लागले त्याला तेवढं थांबायला."

विश्वस्त मंडळाची बैठक त्याच संध्याकाळी झाली. चौतीस, शहाऐंशी आणि साठ, तिन्ही आकडे रद्द ठरले. विश्वस्तांनी ती तबकडी स्वतः ऐकली आणि बुधवारचे सभागृह वाद्यवृंदाला दिले. त्यानंतर काटेमास्तरांना परीक्षकपदावरून दूर करण्याचा ठराव मतास टाकण्यात आला. काटेमास्तर धरून उपस्थित विश्वस्त नऊ. ठरावाच्या बाजूने मते : नऊ.